परसातला शिक्रा आणि ८×४२ची दुर्बीण : विणीच्या एका हंगामानंतरचे परीक्षण

पक्षिनिरीक्षणासाठी दुर्बीण घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ‘किती पट मोठे दिसते?’ हाच येतो. घराच्या आवारात शिकारी पक्ष्याने घरटे केले असेल आणि त्याला त्रास न होता त्याचा संसार पाहायचा असेल, तर हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा, असे माझे मत गेल्या विणीच्या हंगामात पक्के झाले. पहाटेच्या मंद उजेडात काय दिसते, हात न थरथरता किती वेळ पाहता येते आणि चष्मा न काढता पाहता येते का, हे तीन प्रश्न त्याच्या कितीतरी आधी येतात. साताऱ्यात आमच्या परसातल्या आंब्यावर शिक्र्याच्या जोडीने घरटे केले, तेव्हापासून पिल्ले उडून जाईपर्यंत घरातल्या सर्वांनी एकच दुर्बीण वापरली. ८×४२ मापाची (म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगांची), सरळ नळ्यांची, रूफ प्रिझम (सरळ नळीतच मावणारे लोलक) प्रकारची, जलरोधक आणि दहा ते पंधरा हजार रुपयांच्या टप्प्यातली अशी ही दुर्बीण आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. या किमतीत तीन-चार नामांकित कंपन्यांच्या दुर्बिणी एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की नावापेक्षा मापे पाहून निवड करणे शहाणपणाचे ठरते. शिवाय पुढे जे दोष सांगणार आहे, त्यांतले बरेचसे या किमतीत कोणत्याही दुर्बिणीत थोड्याफार फरकाने आढळतात.

ज्याच्यासाठी ही दुर्बीण रोज हातात घेतली गेली, त्या पक्ष्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण दुर्बिणीची परीक्षा त्यानेच घेतली. शिक्रा कबुतरापेक्षा किंचित लहान असतो. पाठ राखाडी, छाती-पोटावर तांबूस आडव्या रेघा आणि पांढऱ्या गळ्याच्या मधोमध एक बारीक उभी रेघ, असे त्याचे रूप असते. मादी नरापेक्षा मोठी असते. नराचे डोळे लाल, तर मादीचे पिवळसर नारिंगी असतात. दाट अरण्य हवेच, असा त्याचा हट्ट नसतो. गावातली, शहरातली मोठी झाडे त्याला पुरतात. आपल्याकडे त्याची वीण उन्हाळ्यात, साधारण मार्च ते जून या काळात होते. काटक्यांचे, कावळ्याच्या घरट्यासारखे ओबडधोबड घरटे आणि आत गवताचे अस्तर, अशी त्याची रचना असते. अंडी बहुधा तीन किंवा चार असतात आणि १८ ते २१ दिवसांत ती उबतात. मादी बहुतेक वेळ घरट्यावर असते आणि नर शिकार आणून तिला देतो. हे सगळे पुस्तकात वाचलेले असले, तरी नर शिकार घेऊन नेमका कोणत्या फांदीवर उतरतो, मादी घरटे सोडून तिथे कशी येते आणि ती देवघेव किती झटपट उरकते, हे पाहिल्याशिवाय त्यातली नजाकत कळत नाही.

आमचे घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला आहे. मागे जुना रायवळ आंबा आहे आणि त्याच्या वरच्या तिसऱ्या भागात, जिथे दोन जाड फांद्या फुटतात, तिथे हे घरटे होते. मागच्या खोलीच्या खिडकीतून ते डोळ्यांनीही दिसत होते, परंतु खिडकी फार जवळ होती. तिथे कोणी येऊन उभे राहिले की मादी मान ताणून थेट आपल्याकडे पाहत राहते, हे लक्षात येताच ती खिडकी आम्ही बंद ठेवली आणि निरीक्षणाची जागा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नेली. तिथून घरट्यापर्यंत अंदाजे वीस मीटर अंतर होते. आठपट विवर्धन म्हणजे वीस मीटरवरची वस्तू अडीच मीटरवर असल्याप्रमाणे दिसते. अडीच मीटरवरून, म्हणजे एका खोलीच्या आतल्या अंतरावरून, शिक्र्याच्या संसारात पाहायला मिळते आणि आपण मात्र त्या पक्ष्याच्या लेखी गच्चीच्या कोपऱ्यातले एक न हलणारे माणूस असतो. दुर्बिणीची खरी किंमत मला या दूर राहण्याच्या मुभेत वाटते.

विवर्धनाचा मुद्दा इथेच निकालात काढते, कारण दुकानदार बहुतेक वेळा दहापटीची दुर्बीण पुढे करतात. माझ्या दिरांकडे १०×४२ आहे आणि त्यांनी ती आमच्याकडे मुक्कामाला आणली होती, त्यामुळे एकाच घरट्याकडे दोन्हींतून पाहता आले. झाडावर स्वस्थ बसलेल्या मादीच्या गळ्यावरची उभी रेघ दहापटीतून अधिक ठळक दिसते, यात शंका नाही. पण तिपाईशिवाय, नुसत्या हातांनी, कोपर कठड्यावर न टेकता पाहायचे असेल, तर आपल्या हाताचा कंपही दहापट होऊन डोळ्यांत येतो आणि थोड्याच वेळात कपाळावर ताण जाणवू लागतो. घरट्याचे निरीक्षण हा एका नजरेत उरकण्याचा प्रकार नाही. बराच वेळ काहीही घडत नाही आणि मग क्षणार्धात सगळे घडते. अशा वेळी दुर्बीण डोळ्यांना लावलेलीच असावी लागते, आणि ज्या दुर्बिणीमुळे हात आणि डोळे लवकर थकतात ती नेमक्या त्या क्षणी मांडीवर ठेवलेली असते. शिवाय आठपटीत दृष्टिक्षेत्र मोठे मिळते. आमच्या दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र हजार मीटरवर १२६ मीटर आहे. म्हणजे वीस मीटरवर सुमारे अडीच मीटर रुंदीचे वर्तुळ दिसते. त्यात घरटे आणि नराची ठरलेली उतरण्याची फांदी, दोन्ही एकाच वेळी मावत होते. एवढ्या एका सोयीसाठीही मी आठपट निवडेन.

प्रकाशाची गोष्ट मात्र विस्ताराने सांगायला हवी, कारण बाजारात नेमकी तीच कोणी सांगत नाही. दुर्बिणीवरचा दुसरा आकडा, म्हणजे ४२, हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास असतो. त्याला पहिल्या आकड्याने भागले की मागच्या भिंगातून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर भरतो, १०×४२मध्ये ४.२ आणि खिशात मावणाऱ्या ८×२१मध्ये जेमतेम २.६. भर उन्हात आपली बाहुली आकसलेली असते, त्यामुळे तिन्हींत फारसा फरक जाणवत नाही आणि दुकानात दुपारी पाहणाऱ्याला छोटी, हलकी, स्वस्त दुर्बीणही तेवढीच चांगली वाटते. फरक कळतो तो उजाडताना. मंद प्रकाशात बाहुली मोठी होते, आणि तेव्हा जी दुर्बीण तिला पुरेल एवढा प्रकाश देते तिच्यातूनच रंग दिसतात. बाकीच्यांतून काळ्या आकृत्या दिसतात. आंब्याच्या दाट पानांखाली तर सूर्य उगवल्यावरही बराच वेळ अंधारच असतो.

घरात एक जुनी ८×२१ होतीच, ती आणि ही, दोन्ही शेजारी ठेवून मी भल्या सकाळी पाहिले. छोटीतून घरट्याच्या कडेवर काहीतरी बसले आहे एवढे कळत होते. मोठीतून तोच पक्षी नर असल्याचे त्याच्या लाल डोळ्यावरून ओळखता आले आणि त्याच्या पंजात सरडा असल्याचेही दिसले. सरड्याची लांब शेपटी फांदीखाली लोंबत होती. नराने एक हलकी साद घातली, मादी घरट्यातून उठून त्याच्या फांदीवर आली, तिने चोचीने तो सरडा घेतला आणि नर लगेच पानांतून दिसेनासा झाला. मग ती घरट्याच्या काठावर उभी राहिली, सरडा एका पायाखाली दाबून धरला आणि त्याचे अगदी बारीक तुकडे तोडून आत वाकून देऊ लागली. पिल्ले त्या वेळी दिसण्याजोगी मोठी नव्हती. दिसत होती ती तिची मान, जी दर वेळी किंचित तिरकी होऊन खाली जायची आणि रिकाम्या चोचीने वर यायची. एवढ्या बाकदार, फाडण्यासाठीच घडलेल्या चोचीचे टोक ती किती हळुवारपणे वापरते, हे दुर्बिणीविना मला कधीच कळले नसते. आमच्या सासूबाईंनी ते पाहून “अगं, हिच्या डोळ्यांत हळद कालवल्यासारखी दिसते,” असे म्हटले, तेव्हा या दुर्बिणीतले रंग किती खरे उतरतात याची मला निराळी पावती लागली नाही.

सासूबाईंचा उल्लेख केला तो चष्म्यामुळेही. मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसते, हे अंतर चष्मा वापरणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचे असते. ते पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर चष्मा लावून पाहताना वर्तुळाच्या कडा कापल्या जातात आणि दृष्टिक्षेत्राचा सगळा फायदा वाया जातो. या दुर्बिणीत ते अंतर पुरेसे आहे. भिंगांभोवतीच्या रबरी कडा फिरवून आत घेतल्या की चष्म्यासह पूर्ण चित्र दिसते, आणि चष्मा नसलेल्याने त्या बाहेर काढायच्या. घरात काहींना चष्मा असेल आणि काहींना नसेल, तर या कडा दुमडण्याच्या नव्हे, फिरवून टप्प्याटप्प्याने बसणाऱ्या असाव्यात, असा माझा आग्रह आहे. दुमडणाऱ्या रबराला उन्हाने पुढे चिरा पडतात. त्याचबरोबर उजव्या डोळ्याच्या भिंगावर एक वेगळे फिरते कडे असते, ते बहुतेक जण कधी हातच लावत नाहीत. प्रथम उजवे पुढचे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करायचे, नंतर डावे झाकून चाकाला न हलवता या कड्याने उजव्याचे करायचे. दोन्ही डोळ्यांच्या नंबरातला फरक एकदा असा भरून काढला की पुढे फक्त मधले चाक पुरते. ‘दुर्बिणीतून पाहिले की डोके दुखते’ अशी तक्रार असलेल्यांनी आधी हे करून पाहावे.

ओळख पटवण्याच्या बाबतीत मे महिन्यात एक चांगली परीक्षा झाली. पावशा हा पक्षी दिसायला शिक्र्यासारखाच असतो. तसाच राखाडी, तशाच आडव्या रेघांचा, आणि उडत येऊन फांदीवर बसण्याची ढबही तीच. हे साम्य त्याच्या पथ्यावर पडते, कारण पावशाची मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते आणि शिकारी पक्ष्याच्या रूपाला लहान पक्षी बिचकतात. ‘पेरते व्हा’ ही त्याची हाक ऐकू आली तर प्रश्नच मिटतो, पण मुकाट बसलेला पावशा भल्याभल्यांना शिक्रा वाटतो. आमच्या शेजारच्या शेवग्यावर असाच एक येऊन बसला होता आणि घरात क्षणभर ‘तिसरा शिक्रा कुठून आला?’ अशी चर्चा सुरू झाली. दुर्बिणीतून चोच पाहिली आणि उत्तर मिळाले. शिक्र्याची चोच आखूड, मुळापासून खाली वळलेली आणि टोकाला आकड्यासारखी असते. पावशाची बरीच सरळ आणि बारीक. शिवाय पावशाच्या डोळ्याभोवती पिवळे कडे उठून दिसते. शेवग्याची पाने विरळ असल्याने मागे पांढरे आभाळ होते, आणि तिथेच या दुर्बिणीचा पहिला दोषही दिसला.

उजळ आभाळासमोर काळपट फांदी किंवा पक्षी पाहिला की त्याच्या कडेने जांभळट-हिरवट किनार दिसते. भिंगांची काच अधिक महाग प्रकारची असेल तर ती कमी होते, पण त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात. घरट्याकडे पाहताना मागे पानांची दाटी असल्याने हा दोष आम्हांला फारसा जाणवला नाही. विजेच्या तारेवर बसणारी कापशी घार पाहायला जाणाऱ्यांना तो अधिक जाणवेल. दुसरा दोष, वर्तुळाच्या कडेचा भाग मऊ दिसतो. मधले दोन-तृतीयांश चित्र अगदी लखलखीत असते. मला याची अडचण वाटत नाही, कारण माणूस पक्ष्याला आपोआप मध्येच आणतो. तिसऱ्या बाबतीत मात्र मी नाराज आहे. फोकसचे चाक प्रारंभी लोण्यासारखे फिरत असे, असे म्हणता येणार नाही. ते थोडे जडच होते, आणि सकाळच्या गारव्यात आणखी जड व्हायचे. नर पाठीमागच्या नारळावरून एकदम जवळच्या फांदीवर आला की चाक बरेच फिरवावे लागते आणि तेवढ्यात देवघेव संपून जाते. त्यावर आम्ही शोधलेला उपाय साधा आहे. नराच्या उतरण्याच्या फांदीवर फोकस आधीच जुळवून ठेवावा आणि चाकाला हात लावू नये.

सोबत मिळणारा गळ्यातला पट्टा बारीक आणि टोचणारा आहे. दुर्बिणीचे वजन सातशे ग्रॅमच्या आतबाहेर आहे. ते हातात जाणवत नाही, पण मानेला तासाभरात जाणवते. दोन्ही खांद्यांवरून जाऊन छातीवर बसणारा पट्टा वेगळा विकत घेतला आणि मानदुखी थांबली. पुढच्या भिंगांची झाकणे सैल आहेत आणि गच्चीवरून एक खाली पडून हरवले. नवे मागवायला विक्रेत्याला कळवले, त्याचे उत्तर यायला फार वेळ लागला आणि शेवटी त्याने झाकण वेगळे मिळत नाही असेच सांगितले. वस्तू विकल्यानंतरची ही उदासीनता मला पटत नाही, विशेषतः ज्या शहरात दुरुस्तीसाठी प्रत्येक वेळी पुण्याचा रस्ता धरावा लागतो तिथे.

जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला आणि जलरोधक असण्याचा उपयोग कळला. साताऱ्याच्या पावसात महाबळेश्वरचा जोर नसला, तरी हवेतला दमटपणा महिनोन्महिने टिकतो आणि कॅमेऱ्याची भिंगे ज्यांनी बुरशीने गमावली आहेत त्यांना तो चांगलाच ठाऊक असतो. चांगल्या दुर्बिणीच्या नळ्यांत हवेऐवजी नायट्रोजन भरून त्या बंद केलेल्या असतात, त्यामुळे आतून वाफ धरत नाही. बाहेरून मात्र काळजी आपणच घ्यायची. पावसाळ्यात ती कापडी पिशवीत कपाटाच्या आत कोंडून ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्यांनी रंग बदलला की त्या तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापराव्यात. भिंगावर धूळ बसली तर आधी फुग्याच्या पंपाने उडवावी, मग मऊ ब्रश, आणि शेवटी गरज पडली तरच भिंगासाठीचे कापड. पदराने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसले की धुळीचे कण भिंगावरच्या लेपावर कायमचे ओरखडे काढतात.

याच पैशांत किंवा त्याहून कमी पैशांत आणखी काय घेता आले असते, याचाही विचार आम्ही केला होता. जत्रेत आणि संकेतस्थळांवर ‘वीस ते नव्वद पट झूम’ असे लिहिलेल्या, पुढच्या भिंगांवर लालभडक लेप असलेल्या दुर्बिणी हजार-बाराशेला मिळतात. त्या घेऊ नयेत. मोठ्या विवर्धनात त्यांतून डळमळते, धूसर, अंधारलेले चित्र दिसते आणि लाल लेपामुळे रंगही फसवे होतात; ज्या पक्ष्यात नर-मादी डोळ्यांच्या रंगावरून ओळखायचे, तिथे रंग चुकला तर उरले काय? मोबाइलच्या झूमने छायाचित्र मिळते, पण ते पडद्यावर पाहत तासभर बसता येत नाही. तिपाईवरचा एकनळी स्पॉटिंग स्कोप घरट्यासारख्या स्थिर जागेसाठी उत्तम असतो. मात्र तो महाग आहे आणि नर उडाला की निरुपयोगी ठरतो. आमच्या भाच्याने हौसेने सुचवलेला मार्ग होता घरट्याशेजारच्या फांदीवर छोटा वायफाय कॅमेरा बांधण्याचा. मी त्याला स्पष्ट नकार दिला. विणीच्या काळात झाडावर माणूस चढणे, तार ओढणे, नवी वस्तू बांधणे यांमुळे जोडी घरटे सोडून जाऊ शकते. आणि मादी उठून गेली की उघड्या अंड्यांवर कावळ्यांची नजर असतेच. निरीक्षणासाठी घरटे धोक्यात घालायचे असेल तर ते निरीक्षण नको.

याच कारणासाठी आम्ही त्या उन्हाळ्यात आंब्याची छाटणी केली नाही, कैऱ्या त्या बाजूच्या उतरवल्या नाहीत आणि माळीकाकांना झाडाखालचे काम पुढे ढकलायला सांगितले. झाडाखाली पांढरी विष्ठा आणि क्वचित एखाद्या चिमणीची पिसे पडलेली असायची, ती तशीच राहू दिली. उंदरांसाठीचे विषारी औषध घरात आणि आवारात पूर्ण बंद केले, कारण विष खाऊन मंदावलेला उंदीर शिकारी पक्ष्याला सहज सापडतो आणि तेच विष पिल्लांच्या पोटात जाते. शिक्र्याला पकडणे, पाळणे, त्याची अंडी किंवा पिल्ले काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. एकेकाळी शिकारीसाठी शिक्रे पाळले जात, त्यामुळे ही आठवण करून देणे अनाठायी नाही. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर जाहीर न करण्याचे कारणही तेच.

शेजारच्या काकूंना मात्र कायद्यापेक्षा कोंबड्यांची काळजी होती. “अहो, आमची पिल्लं नेईल हो तो, तुम्ही त्याला हुसकत का नाही?” असे त्यांनी कुंपणावरून विचारले. त्यांची भीती निराधार नव्हती. अगदी लहान पिल्लू उघड्यावर असेल तर शिक्रा ते उचलू शकतो. मी त्यांना गच्चीवर नेले आणि दुर्बीण हातात दिली. नर त्या वेळी उंदराचे पिल्लू घेऊन आला होता. काकूंनी बराच वेळ पाहिले, दुर्बीण न काढताच “हे तर आमच्या कणगीतलं दिसतंय,” म्हणाल्या, आणि संध्याकाळी कोंबडीची पिल्ले डालग्याखाली ठेवायची व्यवस्था केली. त्यानंतर त्या स्वतःहून पाहायला येऊ लागल्या. त्यांच्यासाठी नळ्यांमधले अंतर कमी करावे लागे, कारण त्यांचे डोळे जवळ आहेत. मधल्या बिजागरीवर नळ्या सहज जवळ-दूर होतात आणि ठेवलेल्या जागी घट्ट राहतात, हा या दुर्बिणीचा आणखी एक गुण अशा वापरात कळला.

पिल्ले मोठी झाल्यावर घरट्यात मावेनात आणि पूर्ण उडता येण्यापूर्वीच ती आसपासच्या फांद्यांवर येऊन बसू लागली. या दिवसांत दृष्टिक्षेत्राचा उपयोग सर्वाधिक झाला. आईबापाची राखाडी पाठ आणि आडव्या रेघा त्यांना नसतात. पाठ तपकिरी आणि पांढरट छातीवर उभे, थेंबांसारखे ठिपके, त्यामुळे आंब्याच्या उन्ह-सावलीत ती चटकन दिसत नाहीत. आधी ओरडणे ऐकायचे, त्या दिशेला दुर्बीण धरायची आणि मग हलणारे डोके शोधायचे. एक पिल्लू याच काळात झाडाखाली उतरून कुंपणाजवळ बसले होते. त्याला उचलून घरात आणण्याची इच्छा सर्वांना झाली, पण दुर्बिणीतून दोन्ही पंख सारखे मिटलेले, डोळे टक्क उघडे आणि पाय मजबूत रोवलेले दिसले. म्हणून मांजराला दूर ठेवून फक्त लक्ष ठेवले. ते स्वतःच कुंपणावर, तिथून डाळिंबावर आणि पुढे वर गेले. पंख लोंबत असता किंवा रक्त दिसले असते तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचे आम्ही ठरवले होते. जखमी शिकारी पक्ष्यावर घरगुती उपचार करू नयेत, दूध-पोळी तर मुळीच देऊ नये.

आता खरेदीविषयी. साताऱ्यात दुर्बिणी हाताळून घेता येतील अशी दुकाने फारशी नाहीत, त्यामुळे एक तर पुण्याला जावे किंवा परत करण्याची स्पष्ट मुदत असलेल्या ठिकाणाहून मागवावे. मायणीच्या तलावाकडे किंवा कासच्या रस्त्याला पक्षी पाहायला जाणारे कोणी ओळखीचे असतील तर त्यांच्यासोबत एकदा जाऊन त्यांची दुर्बीण डोळ्यांना लावून पाहावी; माहितीपत्रकातल्या दहा ओळींपेक्षा ते अधिक शिकवते. नुसता गच्चीवरून आभाळातला विमानाचा ठिपका पाहायचा असेल किंवा लहान मुलांना खेळायला द्यायची असेल, तर एवढे पैसे घालू नयेत. परंतु आवारात मोठे झाड आहे आणि त्यावर शिक्रा, पिंगळा किंवा दुसरा कोणी शिकारी पक्षी वावरतो आहे, अशा घराला मी हेच माप सुचवेन.

वस्तू हातात आली की त्याच दिवशी तपासावी. दूरवरच्या दुकानाच्या पाटीवर दोन्ही डोळ्यांनी नजर रोखावी, कड्याने आणि चाकाने चित्र स्पष्ट करून घ्यावे, आणि मग दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून हातभर लांब न्यावी. पाटीची आडवी कड दोन्ही नळ्यांत एकाच रेषेत राहायला हवी. एकीत ती वर आणि दुसरीत खाली दिसली, तर दोन नळ्या एकमेकींशी जुळलेल्या नाहीत; मेंदू ते चित्र काही काळ ओढूनताणून एक करतो, पण घरट्यासमोर बसल्यावर त्याच कारणाने डोळे दुखतात. चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे अडकते का ते पाहावे, पुढच्या भिंगात विजेरीचा उजेड तिरका टाकून आत धूळ किंवा जाळे दिसते का ते पाहावे, आणि यांतले एकही मनासारखे नसेल तर मुदतीच्या आत ती दुर्बीण परत पाठवावी.